सात वितींची काठी

मला कुणी कायदा वाचून दाखवला नाही.
जकातीचा कारकून डॉन एवारिस्तो इतकंच म्हणाला,
सुतारा, काठी हवी. सरळ. सात विती.
वितीवितीला खाच, अर्ध्यावर बारीक रेघ,
टोकाला पितळ बसव,
झिजली तर राजाचं नुकसान.

मी ग्वायाकान निवडलं.
पाण्यात टाकलं की बुडतं ते लाकूड.

कार्ताहेनाच्या धक्क्यावर तेव्हा सगळंच मोजलं जाई.
गलबत नांगरलं की आधी वैद्य चढे, मग कारकून,
मग एक पहारेकरी. तो झाकणांवर लाखेची मोहर उठवी
आणि रात्री त्याच झाकणांवर पाय पसरून घोरे.
यादीत नाही ते चोरीचं. चोरीचं ते राजाचं,
चुगली करणाऱ्याला तिसरा हिस्सा.
तेलाचे बुधले, मेण, लोखंडाच्या सळया,
आणि यादीच्या तळाशी माणसं.
माणसं नव्हे, नग.
सात वीत उंच, दात शाबूत, तो एक नग.
कमी भरला तर अपूर्णांक.
एक डोळा नसेल तर वजावट.
अंगावर पिणारं पोर आईतच धरायचं.

तुझे आजोबा याच धक्क्यावर मोजले गेले, हेर्त्रूदिस.
साडेसहा आणि एक बोट.
सुटून चाळीस वर्षं झाली तरी
कुणी नाव विचारलं की नावापाठोपाठ तेही सांगत,
आडनावासारखं.

म्हणून मी काय केलं ते ऐक.
प्रत्येक वितीत करंगळीच्या नखाएवढं लाकूड जास्त सोडलं.
सात नखं म्हणजे तीन बोटं.
वाटलं, काठी लांब तर माणूस आखूड,
माणूस आखूड तर किंमत कमी,
किंमत कमी तर

इथून पुढचा हिशेब मी केलाच नव्हता.

पहिलं गलबत एप्रिलात लागलं.
दोनशे बारा जण, उन्हात, एकामागे एक.
डॉन एवारिस्तो ओरडे, सहा. साडेपाच. सहाच.
लिहिणाऱ्याची शाई दोनदा संपली.
बेरीज एकशे एकेचाळीस नग.
दलालानं मान वर केली, काठीकडे पाहिलं,
मग भिंतीशी उभ्या माझ्याकडे.
संध्याकाळी घरी दारूचा बुधला आला. निरोप नव्हता.
ती दारू मी प्यायलो.
हेही ऐकून ठेव.

राजाचं गेलं, दलालाचं झालं.
बाजारात काठी कोण नेतो? तिथे डोळ्यानं मोजतात,
तिथे कुणी तीन बोटांनी स्वस्त झालं नाही,
कुणाची बेडी सैल झाली नाही.
उलट कारकुनाला संशय आला, म्हणून
अर्ध्या रांगेला त्यानं पुन्हा उभं केलं.

त्या रांगेत एक पोरगी होती, आठ-नऊ वर्षांची.
काठी पाठीला लागली तशी तिनं टाचा उचलल्या.
मोजताना पोरं उचलतातच.
तिला भाषा कळत नव्हती, किंमत कळत नव्हती,
मोठं दिसायचं होतं.
डॉन एवारिस्तोनं छडीनं घोट्यावर टिचकी मारली.
टाचा खाली.

पुढल्या वर्षी सेव्हियाहून लोखंडी गज आला.
माझी काठी खोटी ठरली, वीस पेसो दंड,
काठी माझ्याच अंगावर फेकली.
जळायला ठेवली तर जळेना.
तेव्हापासून ती या खिडकीला टेकण.

काल तू खिडकी लोटून ती काढलीस,
पाठीला लावून उभी राहिलीस,
म्हणालीस, बाबा, सांग, किती?
मी रंधा खाली ठेवला नाही, वळूनही नीट पाहिलं नाही,
आणि म्हणालो, टाचा खाली.

आवाज माझा नव्हता.

तू घाबरलीस. मी पाहिलं.
ये, ती काठी दे इकडे.
खिडकी राहू दे आज बंद.